बाटलीवरची चिठ्ठी आणि कर्नल चोप्रा

पावसाळ्याच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी हमखास गर्दी असते. डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन माणसे ताटकळत असतात. आतला मुलगा खण ओढतो, गोळ्यांची पट्टी काढतो, कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापून कागदी पाकिटात घालतो आणि आपण ते पाकीट घेऊन घरी येतो. कापताना बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पुष्कळदा उरलेल्या तुकड्यावरच राहून जाते, हे आपल्या लक्षातही येत नाही. भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो, आंब्याचा वास घेतो, कापडाचा पोत बोटांनी चाचपतो. औषधाची परीक्षा घेण्याचे मात्र कोणतेच साधन गिऱ्हाइकापाशी नसते. रंग, वास, चव यांतले काहीही त्याला खऱ्या-खोट्याचा पत्ता लागू देत नाही.

साधन एकच, ते म्हणजे पट्टीवर वा बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली चिठ्ठी. औषधाचे नाव, त्यातील घटक व त्यांचे प्रमाण, ते कोणत्या औषधसंहितेप्रमाणे बनवले, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, कारखान्याचा परवाना क्रमांक, साठवणुकीची सूचना आणि काही औषधांवर ओढलेली तांबडी रेघ. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला दिलेली ही लेखी हमी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानात अशी हमी सर्व औषधांसाठी देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. ते यावे म्हणून ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्यांत कर्नल सर रामनाथ चोप्रा यांचे नाव अग्रभागी आहे. वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून ओळखतात. दुकानातल्या गिऱ्हाइकाला त्यांचे नाव ठाऊक नसते, त्यांच्या कामाशी संबंध मात्र रोजचा येतो.

चोप्रांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी पंजाबातील गुजराँवाला येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातील शिक्षण आटोपून ते १९०३ साली केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना वॉल्टर डिक्सन या औषधशास्त्रज्ञाचा सहवास लाभला. औषधशास्त्र त्या काळी नुकतेच पाठांतराच्या विषयातून प्रयोगाच्या विषयात येत होते. अमुक मुळी अमुक रोगावर गुणकारी, एवढे सांगून भागण्याचे दिवस सरत चालले होते. ती शरीरात कोठे जाते, हृदयावर, रक्तदाबावर, आतड्यावर नेमके काय करते आणि किती प्रमाणात करते, हे प्रयोगशाळेत दाखवावे लागे. प्रमाणाचा हा आग्रह चोप्रांनी डिक्सन यांच्याकडून घेतला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही.

१९०८ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय सेवेत शिरले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर आणि १९१९च्या अफगाण युद्धात त्यांनी काम केले. पुढे आयुष्यभर नावाआधी लागलेली कर्नल ही उपाधी या सेवेतली. त्यांचे खरे काम सुरू झाले ते कलकत्त्यात. सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या प्रयत्नांतून तेथे उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करणारी स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ही संस्था उभी राहिली होती. १९२१च्या सुमारास चोप्रा तेथे औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे त्या संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले आणि १९४१ पर्यंत त्यांचा मुक्काम कलकत्त्यातच राहिला.

प्रयोगशाळेत त्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा विषय देशी वनस्पतींचा. अडुळसा, पुनर्नवा, कुड्याची साल, इसबगोल, सर्पगंधा अशी आपल्या आजीच्या बटव्यातली आणि काष्ठौषधींच्या दुकानातली नावे त्यांच्या शोधनिबंधांत येऊ लागली. १९३३ साली ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वारशाने आले म्हणून औषध खरे, असे ते मानत नव्हते आणि वारशाने आले म्हणून खोटे, असेही मानत नव्हते. साहेबी वैद्यक शिकलेल्या त्या पिढीत ही दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ होती. वनस्पती आणावी, तिची ओळख पक्की करावी, तिच्यातील द्रव्ये वेगळी काढावीत, प्राण्यांवर आणि मग रुग्णालयात त्यांचा परिणाम पाहावा आणि जे दिसेल ते लिहावे, अशी त्यांची रीत होती.

हीच कसोटी त्यांनी विलायती बाटल्यांनाही लावली, आणि औषधाच्या दुकानाशी त्यांचा संबंध जुळला तो येथे. डिजिटॅलिस हे हृदयरोगावरचे त्या काळातले अत्यंत महत्त्वाचे औषध. वनस्पतीच्या पानांचा मद्यार्कात काढलेला अर्क, म्हणजे टिंक्चर, बाटलीत भरून दुकानात येई. गुण येण्यास लागणारी मात्रा आणि विषबाधा करणारी मात्रा यांत या औषधाच्या बाबतीत फारसे अंतर नसते. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत अशा टिंक्चरांची ताकद मोजली. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत साठवलेल्या अर्काची ताकद घटत जाते, असे दिसून आले.

यातला धोका नीट समजून घेण्याजोगा आहे. औषध दुबळे असले तर गुण येत नाही, एवढेच नुकसान वरवर पाहता दिसते. प्रत्यक्षात डॉक्टर गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवतात. ती बाटली संपते, रोगी दुसऱ्या दुकानातून नवी बाटली आणतो. ती ताजी आणि पुऱ्या ताकदीची असते आणि वाढवलेली मात्रा आता त्याच्या हृदयावर बेतते. दोष कोणाचा? डॉक्टरांनी चुकीचे लिहिले नाही, दुकानदाराने दुसरेच औषध दिले नाही, कारखानदाराने भेसळ केली नाही. चुकले ते एवढेच, की एकाच नावाच्या दोन बाटल्यांत एकच वस्तू असेल याची खात्री कोणीही घेतलेली नव्हती. औषधाचे प्रमाणीकरण हा रूक्ष वाटणारा शब्द याच खात्रीसाठी आहे. डिजिटॅलिससारख्या औषधाची ताकद केवळ रासायनिक पृथक्करणाने त्या काळी ठरवता येत नसे. प्राण्यांवर प्रयोग करून ती ठरवावी लागे आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे व प्रयोगशाळा लागत. देशभर अशा किती जागा होत्या, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

त्या काळचा औषधांचा बाजार डोळ्यांपुढे आणून पाहावा. डॉक्टरांच्या दवाखान्यातच बहुतेक औषध मिळे. लाकडी जाळीच्या पलीकडे बसलेला कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून मिक्श्चर तयार करी, पुड्या बांधी आणि बाटलीच्या पोटावर डोसांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांनी ती पट्टी पाहिलेली असेल. त्या पट्टीवर किती वेळा घ्यायचे ते कळे, आत काय आहे ते कळत नसे. कंपाउंडर बहुधा अनुभवाने शिकलेला. काही अत्यंत निष्णात होते, काहींना एका बरणीतले दुसऱ्या बरणीत ओतण्यापलीकडे फारसे येत नसे, आणि दोघांत फरक करणारी कोणतीही कायदेशीर रेषा नव्हती. स्वतंत्र औषधाचे दुकान काढायला तर कोणत्याही पात्रतेची अट नव्हती. आज किराणा विकणारा उद्या औषध विकू शके. अनेकदा तो दोन्ही एकाच गल्ल्यावर विकत असे.

येथे एक विसंगती नमूद करण्याचा मोह आवरत नाही. अफूच्या व्यापारावर सरकारचे नियंत्रण कडक होते. १८७८चा अफू कायदा होता, परवाने होते, पहारे होते, कारण अफूतून महसूल मिळे. विषारी द्रव्यांसाठी १९१९चा कायदा होता. पण मलेरियाने दरवर्षी असंख्य माणसे जात असलेल्या या देशात क्विनीनची गोळी खरोखरच क्विनीनची आहे का, हे पाहणारा कोणी नव्हता. अफूच्या व्यसनाचा शास्त्रीय अभ्यास चोप्रांनी केला होता, तेव्हा दोन्ही बाजू त्यांना जवळून ठाऊक होत्या.

हळूहळू तक्रारींना तोंड फुटले. निकृष्ट आणि बनावट औषधे परदेशांतून येतात, देशातही तयार होतात आणि राजरोस विकली जातात, असे वृत्तपत्रांतून व वैद्यकीय वर्तुळांतून बोलले जाऊ लागले. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे मध्यवर्ती विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, मुंबई इलाख्यातील सभासद सर हारून जाफर यांनी औषधांच्या बेबंद वापरावर नियंत्रण आणावे आणि त्यांच्या प्रमाणीकरणासाठी व विक्रीसाठी कायदे करावेत, असा ठराव मांडला. सरकारी यंत्रणेच्या वेगाने तीन वर्षे गेली. ऑगस्ट १९३० मध्ये ड्रग्ज एन्क्वायरी कमिटी, म्हणजे औषध चौकशी समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद चोप्रांकडे आले. परळच्या हाफकिन संस्थेत औषधशास्त्राचे काम केलेले जेझुइट धर्मगुरू फादर जे. एफ. केयस हे तिचे एक सभासद होते.

समितीने प्रश्नावल्या पाठवल्या, प्रांताप्रांतांतून साक्षी घेतल्या. डॉक्टर, कारखानदार, आयातदार, दुकानदार, सरकारी रसायनतज्ज्ञ असे सगळ्या बाजूंचे लोक तिच्यापुढे आले. वर्षभरात, १९३१ साली, अहवाल तयार झाला. निकृष्ट औषधांच्या तक्रारी निराधार नाहीत, हा त्यातला पहिला निष्कर्ष. क्विनीनसारखे जीव वाचवणारे औषधही भेसळीतून सुटलेले नव्हते. दोष केवळ देशी मालात आहे असेही नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत कायद्याचे कडे असल्यामुळे तेथे न खपणारा माल येथे आणून विकण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. विलायती नाव म्हणजे चोख माल, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

पण माझ्या मते या अहवालाचे मोल त्याने रोग सांगितला यात नाही. रोग तर सर्वांना ठाऊकच होता. चोप्रा समितीने उपाय सांगताना तीन गोष्टी एकमेकींत गुंतवल्या. औषधाचा दर्जा ठरवणारा आणि तो मोडणाऱ्यास शिक्षा करणारा मध्यवर्ती कायदा हवा, ही पहिली. तो दर्जा तपासण्यासाठी केंद्रात व प्रांतांत प्रयोगशाळा हव्यात, ही दुसरी. आणि औषध रुग्णाच्या हाती देणारा माणूस त्या विषयाचे शिक्षण घेतलेला, नोंदणी झालेला असावा, ही तिसरी. पेटंट औषधांवर त्यांतील घटक जाहीर करावेत, देशाची स्वतःची औषधसंहिता तयार व्हावी, देशी औषधउद्योगाला वाव मिळावा, अशाही शिफारशी होत्या. त्या साऱ्या या तीन खांबांवर उभ्या होत्या. कारखान्यातून निघालेले उत्तम औषध दुकानात उन्हात ठेवले, चुकीच्या मात्रेत दिले किंवा दोन सारख्या नावांतल्या भलत्याच बाटलीतून काढले, तर कायदा आणि प्रयोगशाळा काय करणार? डिजिटॅलिसच्या बाटल्या तपासलेल्या माणसाला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

अहवाल सादर झाला आणि कपाटात गेला. जागतिक मंदीचे दिवस होते, सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा प्रांतांचा विषय, केंद्राने त्यात कितपत हात घालावा, हा घटनात्मक पेचही होता. देशी कारखानदारांच्या मनात शंका असणे साहजिक होते. प्रफुल्लचंद्र राय यांनी उभी केलेली बेंगॉल केमिकल, गज्जर, कोटिभास्कर व अमीन यांच्या पुढाकारातून १९०७ साली बडोद्यात निघालेली अलेंबिक, असे स्वदेशीचे कारखाने विलायती मालाशी झुंजत होते. दर्जाच्या नावाखाली येणारा कायदा परकीय कंपन्यांच्या फायद्याचा तर ठरणार नाही ना, असे त्यांना वाटले तर नवल नाही. चोप्रांचे उत्तर त्यांच्या अहवालातच होते. ज्या बाजारात खोटे औषध खऱ्याच्या शेजारी स्वस्तात विकले जाते, तेथे सचोटीने काम करणारा देशी कारखानदारच आधी बुडतो.

शिक्षणाच्या बाबतीत सरकारची वाट न पाहणारी एक व्यक्ती मात्र निघाली. १९३२ साली महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचे शिक्षण सुरू केले आणि देशातील फार्मसीच्या पदवी अभ्यासक्रमाचा पाया तेथे घातला गेला. चोप्रांचा तिसरा खांब त्यांनी उचलून धरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३७ साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कलकत्त्यात बायोकेमिकल स्टँडर्डायझेशन लॅबोरेटरी ही औषध-प्रमाणीकरणाची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि चोप्रा तिचे प्रमुख झाले. पुढे यातूनच केंद्रीय औषध प्रयोगशाळा आकाराला आली. त्याच वर्षी केवळ आयात औषधांपुरते एक विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आले. नुसत्या बंदरावर पहारा बसवून काय साधणार, देशातील उत्पादन आणि विक्री मोकाटच राहील, असा विचार पुढे आला आणि व्यापक कायद्याची गरज मान्य झाली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक पातळ औषध घेऊन शंभरावर माणसे मेली. औषध विरघळवण्यासाठी कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य वापरले होते. ते विषारी आहे का, हे विक्रीपूर्वी तपासण्याची सक्ती तेथील कायद्यात नव्हती. अमेरिकेने पुढच्याच वर्षी कायदा बदलला. या द्रव्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

अखेर प्रांतांच्या विधिमंडळांनी केंद्राला कायदा करण्याचा अधिकार देणारे ठराव संमत केले आणि १९४० साली ड्रग्ज अॅक्ट अस्तित्वात आला. आयात, उत्पादन आणि विक्री या तिन्हींना तो लागू होता. परवान्याशिवाय दुकान चालवता येणार नव्हते. औषध निरीक्षकाला दुकानात शिरून नमुना घेण्याचा अधिकार मिळाला. तो नमुना घेण्याची रीतही मोठी विचारपूर्वक आखलेली आहे. दुकानदारासमोर नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करायचे. एक दुकानदाराकडे ठेवायचा, एक सरकारी विश्लेषकाकडे पाठवायचा, एक वेळ आली तर न्यायालयात हजर करायचा आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी राखायचा. संशयिताच्या हातीही पुरावा ठेवणारी ही तरतूद वाचली, की कायदा केवळ धाक घालण्यासाठी नव्हता हे कळते. नियम मात्र डिसेंबर १९४५ मध्ये आले आणि विक्रीवरील तरतुदींचा अंमल सुरू व्हायला १९४७ उजाडले. १९२७च्या ठरावापासून मोजले तर वीस वर्षे.

कायदा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, १९४१ साली, चोप्रांना सर हा किताब मिळाला आणि ते कलकत्त्यातून निवृत्त झाले. निवृत्ती नावापुरतीच. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर ते जम्मू-काश्मीर संस्थानात गेले आणि जम्मूला औषध संशोधन प्रयोगशाळा उभारली. आज ती केंद्रीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची संस्था आहे. १९४६ साली भारतीय औषधांची जी पहिली अधिकृत यादी निघाली, ती त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केली होती. १९५५ साली स्वतंत्र भारताची फार्माकोपिया, म्हणजे औषधसंहिता प्रसिद्ध झाली, तिची ही पूर्वतयारी. देशी वैद्यकपद्धतींचा विचार करण्यासाठी १९४६ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. तिच्या अहवालाने आयुर्वेद, युनानी आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ घालण्याची कल्पना मांडली. ती दोन्ही छावण्यांना पचली नाही. १९४८ साली पाटण्याला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

त्यांच्या जुन्या कामाला एक फळ मुंबईतही आले. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे चोप्रांनी आणि सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रयोगातून दाखवले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे निघाले आणि मापून देता येईल अशी गोळी हाती आली.

तिसऱ्या खांबाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुकानात औषध देणाऱ्याच्या पात्रतेचा कायदा, म्हणजे फार्मसी अॅक्ट, १९४८ साली झाला. नोंदणी सुरू झाली, फार्मसी कौन्सिले स्थापन झाली, महाविद्यालये वाढली. परंतु नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून वा मिसळून देऊ नये, हे सांगणारे कलम ४२ लगेच लागू झाले नाही. ते कधी अमलात आणायचे हे राज्यांवर सोपवले होते. पुरेसे शिकलेले लोक नाहीत, जुन्या माणसांच्या पोटावर पाय येईल, अशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. पण वर्षे सरत राहिली. १९७६च्या दुरुस्तीने शेवटी ठरवले, की ज्या राज्याने तारीख नेमलेली नसेल तेथे आठ वर्षांनी हे कलम आपोआप लागू होईल. १९३१ साली जी गोष्ट शिफारस म्हणून लिहिली गेली, ती देशभर बंधनकारक व्हायला १९८४ साल उजाडावे लागले.

तोवर, आणि नंतरही, किंमत मोजणारे रुग्णच होते. १९८६च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत प्रत्येक पायरीवरची ढिलाई उघड्यावर मांडली. २०२५ साली मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा परिसरात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालले होते. त्या बाटलीतही तेच द्रव्य सापडले. कायदा होता, प्रयोगशाळा होत्या, शिकलेली माणसेही होती. प्रत्यक्ष बाटली मात्र कोणी वेळेवर तपासली नाही.

काही दिवसांपूर्वी एका दुकानात मी सहज विचारले, की येथील फार्मासिस्ट कोण. बिल करणाऱ्या मुलाने मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवले. तेथे काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र होते, त्यावर एक छायाचित्र होते. त्या छायाचित्रातील गृहस्थ दुकानात कोठेच दिसले नाहीत. प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा व्यवहार औषधाच्या धंद्यात कोणाला अपरिचित नाही. न्यायाची गोष्ट ही, की त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानातील बाईंनी माझ्या चिठ्ठीवरील दोन औषधे एकत्र घेऊ नयेत असे सांगून मला डॉक्टरांकडे परत पाठवले होते. औषध न विकता गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस गल्ल्यामागे असावा, हीच तर चोप्रा समितीची मागणी होती.

चोप्रा दीर्घायुषी ठरले. १९५७ पर्यंत ते जम्मू-काश्मीरमधील कामात होते. १९५६ साली, सत्तरी उलटल्यावर, भारतीय औषधी वनस्पतींचा कोश त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. १३ जून १९७३ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९८३ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कलम ४२ची मुदत संपायला तेव्हा एक वर्ष बाकी होते.